आई कुणाकडे राहते

दरवर्षी किमजांगला, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायच्या दिवशी, तॅशिक घरी पोचायचा तो बरोबर मांस शिजून सुरीखाली आलं की. प्यो घराण्याचा थोरला मुलगा, ग्वांगजूच्या बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेला. त्याने कोबी उचलावा अशी आमच्या सोल्मे गावात कुणाची अपेक्षाही नव्हती. या वर्षी मात्र तो बायकोला घेऊन आदल्या संध्याकाळीच आला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, कमरेला पट्टा बांधून, मिठात मुरलेल्या कोबीच्या टोपल्या नळाकडून अंगणात वाहायला लागला.

"अहो, कंबर धरेल," ओकजू म्हणाली.

"धरू दे."

"किमची घालायला आलाय की नवस फेडायला?"

तॅशिक रिकामी टोपली घेऊन निघाला. पुढची टोपली आणायला जाताना तो धाकट्या भावजयीच्या, कोरिनच्या बाजूने न जाता कोठाराला वळसा घालून गेला. ओकजूने ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा वळसा कधी घालतो हे तिला चांगलं ठाऊक झालं होतं.

कोरिन मात्र नेहमीसारखीच होती, निदान वरून तरी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कोपरापर्यंत लाल रबरी हातमोजे. उकिडवी बसून ती मुळ्याचा कीस, लसूण, आलं, मोहरीचा पाला आणि तिखट मोठ्या परातीत कालवत होती. तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून तिची सासू बोक्सुन, आणि मध्ये खारवलेल्या कोळंबीची बरणी. नेब्रास्काची ही उंच बाई तॅशिकच्या धाकट्या भावाशी, युनशिकशी लग्न करून गावात आली तेव्हा तिला उकिडवं बसता येत नव्हतं, दर वेळी मागे कलंडायची आणि आम्ही हसायचो. आता तिची बोली ऐकली तर शहरातून आलेली ओकजूच परकी वाटते.

"मग यॉसूच्या व्हिसा-कार्यालयात काय झालं?" मिरानने विचारलं. मिरान म्हणजे तॅशिकची धाकटी बहीण. सुनचनला तिचं केस कापायचं दुकान आहे, आणि डोक्याला हात लावला की गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं काढून घ्यायची सवय तिला तिथेच लागली.

"मुदतवाढ थांबवलीय," कोरिन म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. नाही जमलं तर जावं लागेल."

"कुठे?" बोक्सुनने विचारलं.

"अमेरिकेला, आई."

बोक्सुनच्या हातातला कोबी हातातच राहिला.

युनशिक होता तोवर ही भानगड कधी उद्भवलीच नव्हती. कोरिन लग्नाच्या व्हिसावर राहायची. मुदत संपत आली की नवरा-बायको सकाळच्या बसने यॉसूला जायचे, मुदत वाढवून घ्यायचे आणि बंदरावर मासे खाऊन परत यायचे. कायमच्या परवान्यासाठी अर्ज करू या, असं ती म्हणाली की युनशिक म्हणायचा, "कशाला? मी आहे ना." मागच्या वर्षी वसंतात तो पर्सिमनच्या बागेतच छातीत कळ येऊन गेला. त्यानंतरचा हा दुसरा हिवाळा.

"नवरा गेला म्हणून लगेच हाकलतात होय?" शेजारची जुनहोची आई म्हणाली.

"हाकलत नाहीत. राहता येतं. फक्त मी अजून सासरी राहते, सासूला सांभाळते, हे त्यांना पटायला हवं."

"मग त्यात न पटण्यासारखं काय आहे? इथे येऊन बघा म्हणावं."

"त्यांना शंका आहे."

"कसली?"

"आहे काहीतरी," असं म्हणून कोरिनने आल्याचा वाडगा परातीत पालथा केला.

यानंतर अंगणात जे सुरू झालं ते आमच्या बायकांनाच जमतं. हात कोबीच्या पानापानांत मसाला भरत होते आणि तोंडं कोरिनला देशात ठेवून घ्यायची युक्ती शोधत होती.

"इंग्रजी शिकवायचा व्हिसा असतो ना?" जुनहोची आई म्हणाली. "आमच्या जुनहोचा तो दाढीवाला मास्तर त्याच्यावरच आला होता."

"असतो. पण शिकवणी जिथे, तिथे जायचं. इथे कुणाला शिकवू, कोबीला?"

"भाषा शिकायला येतात त्या पोरींचा?" मिरान म्हणाली.

"हिला आता कोण भाषा शिकवणार? परवा बाजारात मासेवालीशी भांडली ते ऐकायला हवं होतंस तू."

"पैसे गुंतवून मिळतो तो?"

"तेवढे पैसे असते," कोरिन म्हणाली, "तर आज मी खुर्चीवर बसून तुम्हाला कामाला लावलं असतं."

"ते तू आत्ताही लावलंयस."

"मग सोपा रस्ता राहिला एकच," जुनहोची आई म्हणाली. "वरच्या आळीतला ग्वोन. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, बाग मोठी आहे, दात सगळे शाबूत आहेत."

"ते दात त्याचे नाहीत," बोक्सुन म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

कोरिनही हसली. तिला या बायका मनापासून आवडायच्या. पण हसतानाही तिच्या कानात यॉसूचाच प्रश्न होता. कार्यालयातल्या बाईंनी तिला सरळच विचारलं होतं, "तुम्ही लिहिता की सासूबाई तुमच्याकडे असतात. आम्ही खात्री करायला तुमच्या मोठ्या दिरांना फोन केला, तर ते म्हणाले की आई त्यांच्याकडे ग्वांगजूला राहते. मग खोटं कोण बोलतंय?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. अंगणात हे नुसतं उच्चारलं असतं तरी मिरानने भावाची सालटी काढली असती. पण चारचौघांत थोरल्या दिराच्या तोंडाला काळं फासायचं आणि मग त्याच घरात राहायचं, हे तिला जमणार नव्हतं. युनशिकचा तो सख्खा भाऊ. चूक त्याने केली होती, ती त्यानेच निस्तरावी असं तिला वाटत होतं. म्हणून काल तो आला तेव्हा तिने चहा ओतला आणि समोर बसून वाट पाहिली. तॅशिकने चहा संपवला, थंडी छान पडली आहे असं म्हणाला आणि झोपायला गेला.

आता मात्र ती नळावर टोपली धुवायला गेली तेव्हा तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"कोरिन, जरा ऐकता का?"

"बोला, भाऊजी."

"ग्वांगजूला माझ्या मित्राची इंग्रजीची शिकवणी आहे. मी बोललोय त्याच्याशी. नोकरीचा व्हिसा तो करून देईल, खोलीही देतोय. म्हणजे प्रश्नच मिटला."

"आणि आई?"

"आईला आम्ही नेऊ."

"त्या येतील?"

"समजावू."

कोरिनने नळ बंद केला. "भाऊजी, या देशात राहायचे सगळे रस्ते मला तोंडपाठ आहेत. रात्र रात्र बसून वाचलेत मी ते. मला देशात राहायचं नाहीये. मला या घरात राहायचंय. माझ्या नवऱ्याचं थडगं इथल्या टेकडीवर आहे, आणि त्याची आई त्या भिंतीपाशी बसलीय."

तॅशिकने बंद नळ पुन्हा आवळला.

"फोनवर काय बोलणं झालं ते त्या बाईंनी मला सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला बोलले नाही आणि बोलणारही नाही. ते तुमचं तुम्ही बोला."

तिने टोपली कमरेवर घेतली आणि ती निघून गेली.

तॅशिक काही वाईट माणूस नाही, हे मला इथेच सांगून टाकायचंय. तो फोन आला तेव्हा तो निवृत्त लोकांच्या मंडळात बादुक खेळत होता. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, भोवती जुने मित्र, सगळेच आपापल्या घरचे थोरले. पलीकडून बाई विचारते, आपल्या मातोश्री कुणाकडे राहतात? मित्रांनी सोंगट्या खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. तोंडातून शब्द आपोआपच निघाले. "माझ्याकडे. थोरला आहे मी, दुसरीकडे कुठे राहणार?" मित्रांनी माना डोलावल्या. तो डाव तो जिंकलासुद्धा. फोन कशासाठी होता हे त्याच्या डोक्यात शिरलं ते घरी परतताना, बसमध्ये.

हे सगळं त्याने कोठारात रांजणांच्या मध्ये उभं राहून ओकजूला सांगितलं, कारण ती दार अडवून उभी होती आणि कारण कळल्याशिवाय हलणार नव्हती.

"आणि मी आईंना रोज गरम भात वाढते, हे नाही सांगितलंत?"

"ते विचारलं नाही त्यांनी."

"विचारलं असतं तर?"

ओकजूला त्याच्यावर चांगलं तोंडसुख घ्यायचं होतं, पण ते तोंडातच राहिलं. तिच्या व्यायामाच्या वर्गातल्या बायकांना तीही सांगायची, सासूबाई आमच्याकडेच असतात, सध्या हवापालटाला गावी गेल्यात. हा हवापालट कित्येक वर्षं चालू होता. थोरली सून असून सासू धाकटीच्या गळ्यात, असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी. कोरिनचा तिला आधार वाटायचा आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

"मग त्या बाईला फोन करा, चुकलं म्हणून सांगा."

"केला. ती म्हणते, आधी एक सांगता, आता दुसरं सांगता, कुठलं खरं धरू? सरपंचांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सही करून लिहून द्यावं, म्हणते, की म्हातारीला कोण सांभाळतं." तो रांजणाच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. "म्हणजे मी दारोदार जायचं आणि सांगायचं की प्योंचा थोरला आपल्या आईला सांभाळत नाही."

"सांगायचं कशाला? त्यांना दिसतंय."

"दिसणं वेगळं, ओकजू. आपल्या तोंडाने सांगणं वेगळं."

तिने दार सोडलं आणि ती अंगणात आली.

पहिली परात तयार झाली होती. मसाल्याची चव बोक्सुनने घ्यायची, तिने मान हलवली की मगच तो कोबीला लागायचा, हा या घरचा शिरस्ता. ओकजू नवी नवरी होती तेव्हापासून तो असाच चालत आला होता. बोक्सुनने कोबीच्या पिवळ्या पानात चिमूटभर मसाला गुंडाळला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. सगळ्या थांबल्या.

डोळे उघडल्यावर म्हातारीने आधी कोरिनकडे पाहिलं.

कोरिन कुणाकडेच पाहत नव्हती. मघाशी तिने हातमोजा काढून बोट चाटलं होतं. आता तिने कोळंबीची बरणी सहज, बसल्या जागेवरून, सासूच्या दिशेने किंचित सरकवली.

"मीठ कमी आहे," बोक्सुन म्हणाली. "कोळंबी घाला."

घातली. पुन्हा पान, पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा ती नजर. या वेळी कोरिनने बरणीवर झाकण ठेवलं.

"आता बरोबर."

बायका कामाला लागल्या. ओकजूने मात्र ती नजर आणि ती बरणी पाहिली होती; तिने उभ्या उभ्या चव घेतली. अगदी बरोबर होती. मागच्या वर्षीची किमचीही अशीच झाली होती, आणि सासूच्या हाताला तोड नाही असं तिने ग्वांगजूला शेजारणींना वाटताना सांगितलं होतं. ती कोरिनजवळ जाऊन बसली आणि खालमानेने कोबी भरता भरता पुटपुटली, "कधीपासून?"

"काय?"

"आईंची चव जाऊन."

कोरिनचे हात थांबले. "युनशिक गेल्यावर आजारी पडल्या ना, तेव्हापासून. परत आलीच नाही. जाऊबाई, कुणाला कळू देऊ नका. त्यांना ते फार लागेल."

ओकजूने मान हलवली. तिच्या मनात आलं, या बाईच्या डोक्यावर देश सोडायची टांगती तलवार आहे, आणि ही इथे बसून म्हाताऱ्या सासूची अब्रू एका हाताने झाकतेय आणि दिराची दुसऱ्या. इतकी वर्षं तिला कोरिनचा हेवाच वाटत आला होता. आज तो नव्हता. आपल्याला हे जमलं नसतं, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं आणि तिला हलकं वाटलं.

ती उठून कोठाराकडे गेली. तॅशिक अजून तिथेच होता.

"अहो, ती बाई या घरात सगळ्यांचं झाकत बसलीय," ती म्हणाली. "आपलं आपण उघडं करू या. तुम्ही जाताय की मी जाऊ?"

तॅशिकने पट्टा सोडून रांजणावर ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि मागच्या दाराने निघाला.

मांस शिजलं. वाफाळते काप ताटात पडले, ताजी किमची पडली, तांदळाच्या दारूचे वाडगे भरले. बायका हातमोजे काढून निळ्या प्लास्टिकवर दाटीवाटीने बसल्या.

"दादा कुठाय?" मिरान म्हणाली. "मांसाच्या वेळेला गायब? बरं नाहीये का त्याला?"

तेवढ्यात खांबावरचा कर्णा खरखरला. आमच्या गावात सरपंच त्या कर्ण्यावरून लस टोचायचे दिवस सांगतात, कुणाचा कुत्रा सुटला ते सांगतात, कोण गेलं ते सांगतात. कुणीतरी गेलंच असं समजून सगळ्या गप्प झाल्या.

"नमस्कार," कर्णा म्हणाला. "मी प्यो तॅशिक. बोक्सुनचा थोरला मुलगा."

कोरिनने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"माझी आई माझ्याकडे राहत नाही. कधीच राहिली नाही. ती माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडे राहते. युनशिक होता तेव्हाही, आणि तो गेल्यावरही. यॉसूच्या कार्यालयातून मला विचारलं, तेव्हा मी खोटं सांगितलं. चार माणसं बसली होती, म्हणून सांगितलं." मग बराच वेळ नुसती खरखर. "माझ्या त्या खोट्यामुळे कोरिनला जावं लागेल. तुम्हाला जे खरं ठाऊक आहे ते लिहून द्या, एवढीच विनंती आहे. मी सभागृहात बसलोय. जेवणं आटपली की या." पुन्हा खरखर. "सरपंच, हे बंद कसं करायचं?"

बोक्सुन खांबाकडे पाहत होती, कर्णा बंद झाल्यावरही. मिरान एकदम रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "माझा दादा. बघा, माझा दादा."

जुनहोच्या आईने तोंडातला घास गिळला. "हे त्याला आज कळलं होय?" ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला गं. मांस झाकून ठेवा."

त्या सगळ्या निघाल्या, एप्रनवर तिखटाचे डाग तसेच घेऊन. वरच्या आळीतून माणसं उतरत होती. ग्वोन सगळ्यांच्या पुढे होता, घास चघळत. सभागृहात तॅशिक एका बुटक्या मेजामागे बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकापुढे उठून, कमरेत वाकून नमस्कार करत होता, दुखऱ्या कमरेसकट. कुणी त्याला टोमणा मारला नाही. सही करताना लोकांना म्हातारी कोरिनकडे असते एवढंच लिहून थांबवेना. गेल्या हिवाळ्यात बर्फात कोरिनने म्हातारीला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, तेही लिहायचं, असा ग्वोनने हट्ट धरला. मग सरपंचांनी जास्तीचे कागद काढले.

कोरिन दारातच उभी होती. तॅशिकने मान वर केली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"भाऊजी, मांस गार होतंय," ती म्हणाली. ओकजूने तिचा हात धरला आणि सोडला नाही.

ते घरी परतले तेव्हा बोक्सुन जागची हलली नव्हती. मघाशीच कालवून ठेवलेली दुसरी परात तिच्यापुढे होती. बायका जागा घेऊन बसल्या. तॅशिकही अंगणात आला आणि त्यांच्यात उकिडवा बसला, तो मागे कलंडला आणि मिरानने त्याला सावरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हातमोजे चढवले, तेही उलटे.

बोक्सुनने पिवळं पान घेतलं, त्यात मसाला गुंडाळला. सवयीने सगळ्या थांबल्या. कोरिनचा हात बरणीकडे जाऊ लागला.

"राहू दे ती बरणी," बोक्सुन म्हणाली.

तिने आपल्या मुलाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"मला चव कळत नाही. मागच्या किमजांगच्या आधीपासून कळत नाही. गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी घरी नेऊन माझ्या हाताचं कौतुक केलंत, ती चव हिची होती. माझ्या पोराने सबंध गावाला सांगितलं, मग मी कशाला लपवू?"

म्हातारीने ते गुंडाळलेलं पान उचललं, स्वतःच्या नाही, कोरिनच्या तोंडाशी नेलं आणि सगळ्यांदेखत तिला भरवलं.

"सांग."

कोरिनने डोळे मिटले. चावायला तिला बराच वेळ लागला.

"मीठ कमी आहे, आई."

"ऐकलंत ना?" बोक्सुन म्हणाली. "घाला मग."

ओकजूने बरणीचं झाकण काढलं.